ब्राउझर आणि त्याच्या पुरवण्या

अहमदनगरचा भुईकोट किल्ला पाहावयास जाणाऱ्या माणसाच्या मनांत प्रथम भरते ती त्याची वाटोळी तटबंदी आणि तिच्या भोंवतालचा खंदक. हुसेन निजामशहानें १५५९ ते १५६२ च्या सुमारास हा तट दगडी बांधून काढला. १५९६ सालीं मोगलांनीं सुरुंग लावून त्याला खिंडार पाडलें आणि चांदबिबीनें तें रातोरात बुजविलें, ही हकीकत नगर जिल्ह्यांतील शाळकरी मुलासहि ठाऊक असते. तिच्याइतकी सांगितली न जाणारी हकीकत चार वर्षांनंतरची आहे. १६०० सालीं चांदबिबीचा वध झाला तो तटाबाहेरच्या शत्रूच्या हातून नव्हे. तटाच्या आंत वावरणाऱ्या आपल्याच लोकांच्या हातून झाला. जिल्ह्याचें आणि शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. किल्ला तोच आहे, आणि त्यानें शिकविलेला प्रश्नहि तोच आहे. भिंत कितीहि जाड असो, आंत कोणाला घ्यावयाचें, आणि आंत घेतलेल्यास कोणत्या दालनापर्यंत जाऊं द्यावयाचें?

हाच प्रश्न या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत एका अगदीं निराळ्या वास्तूच्या बांधकाऱ्यांपुढें उभा राहिला. ती वास्तु म्हणजे फायरफॉक्स हा ब्राउझर. तिच्या दारांचा आणि दारांतून आंत आलेल्या पाहुण्यांचा इतिहास येथें सांगावयाचा आहे. कॅलिफोर्नियांतल्या एका संस्थेच्या कारभाराशीं नगरच्या वाचकाचा काय संबंध, अशी शंका कोणी घेईल. संबंध आहे, आणि तो मराठी अक्षरांतूनच येतो.

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरील पानें मागवून आपल्या पडद्यावर मांडणारा कार्यक्रम. तो सर्वांसाठीं एकाच साच्याचा बनविलेला असतो. पण वापरणारे एका साच्याचे नसतात. एकाला जाहिराती नकोशा असतात, दुसऱ्याला शब्दांचें शुद्धलेखन तपासून हवें असतें, तिसऱ्याला भलत्या लिपींतला मजकूर आपल्या लिपींत पाहावयाचा असतो. अशा गरजा भागविण्यासाठीं मूळ कारखान्याबाहेरच्या कारागिरानें तयार केलेला आणि ब्राउझरला मागाहून जोडावयाचा जो छोटा कार्यक्रम, त्यास ॲड-ऑन म्हणतात. मराठींत त्याला पुरवणी म्हणावयास हरकत नाहीं.

पुरवणीची कल्पना फायरफॉक्सहून जुनी आहे. नेटस्केपचा ब्राउझर १९९४ च्या अखेरीस लोकांपुढें आला, आणि १९९६ सालच्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तींत प्लग-इनची सोय झाली. प्लग-इन हा जरा वेगळ्या जातीचा प्राणी होय. पानावरील चित्रपट, ध्वनि किंवा जावाचा कार्यक्रम चालविण्यासाठीं बाहेरचें एक यंत्र ब्राउझरांत बसवावयाचें, एवढेंच त्याचें काम. ब्राउझरच्या रूपांत वा वागण्यांत तो ढवळाढवळ करीत नसे. मायक्रोसॉफ्टनें १९९७ सालीं आपल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तींत बाहेरच्या कार्यक्रमांस ब्राउझरच्या कामांतच हात घालूं दिला. या सोयीचा उपयोग झाला त्यापेक्षां दुरुपयोग अधिक झाला. कोणतेंहि फुकट साधन संगणकावर उतरवून घ्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं ब्राउझरच्या डोक्यावर न मागितलेल्या बटणांची एक नवी पट्टी येऊन बसावी, हा अनुभव त्या काळांत संगणक वापरणाऱ्या बहुतेकांनीं घेतला आहे.

नेटस्केप कंपनी स्पर्धेंत मागें पडूं लागली तेव्हां तिनें एक धाडसाचें पाऊल टाकलें. ३१ मार्च १९९८ रोजीं तिनें आपल्या ब्राउझरची मूळ संहिता सर्व जगास खुली केली, आणि त्यांतून मोझिला हा प्रकल्प जन्मास आला. चार वर्षांच्या खटपटीनंतर १९०२ चे नव्हे, २००२ च्या जून महिन्यांत मोझिलाची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली खरी, पण ती फार अवजड होती. टपाल, पानें रचण्याचें साधन, गप्पांची सोय, सारें एकाच पेटाऱ्यांत कोंबलेलें. त्याच प्रकल्पांतील डेव्ह हायट, ब्लेक रॉस आदि तरुणांना हा पेटारा पटेना. त्यांनीं त्याच सालच्या सप्टेंबरांत फिनिक्स नांवाचा एक सडसडीत ब्राउझर काढला. नांवावरून तंटे झाल्यानें फिनिक्सचा फायरबर्ड झाला आणि २००४ च्या फेब्रुवारींत फायरबर्डचा फायरफॉक्स झाला. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं त्याची पहिली आवृत्ति बाहेर पडली.

या मंडळींचें धोरण असें होतें कीं, ब्राउझरांत सर्वांना लागेल तेवढेंच ठेवावें. ज्याला अधिक हवें असेल त्यानें पुरवणी जोडावी. हें धोरण शक्य झालें तें फायरफॉक्सच्या विलक्षण बांधणीमुळें. ती बांधणी थोडी समजावून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी भाग्यें आणि दुर्भाग्यें तिच्याच पोटांत होतीं. फायरफॉक्सची खिडकी, तिच्यावरील बटणें, यादी, पट्ट्या, हें सर्व झूल नांवाच्या एका वर्णनभाषेंत लिहिलेलें होतें. जणूं ब्राउझर स्वतःच एक वेबपान होता. पुरवणी लिहिणारा आपला एक तुकडा लिही, आणि ब्राउझर सुरू होतांना तो तुकडा मूळ वर्णनावर पसरला जाऊन त्याच्याशीं एकजीव होई. एवढ्यावरच हें थांबत नसे. ब्राउझरच्या आंतील जीं यंत्रें, म्हणजे जाळ्याशीं बोलणारीं, संगणकावरील फायली वाचणारीं, संकेतशब्द जपून ठेवणारीं, त्या सर्वांपर्यंत पुरवणीचा हात पोंचत असे. पाहुणा आणि घरधनी यांत कायद्यानें कांहींच भेद नव्हता.

त्याचें फळ पाहा. डेन्मार्कच्या एका विद्यार्थ्यानें २००२ सालीं जाहिराती गाळणारी ॲडब्लॉक ही पुरवणी लिहिली. तिच्याच वंशांतील ॲडब्लॉक प्लस २००६ सालीं व्लादिमीर पालांट यानें काढली आणि ती कोट्यवधि संगणकांवर गेली. ॲरन बूडमन याच्या ग्रीसमंकीनें कोणतेंहि पान आपल्या सोयीप्रमाणें बदलून वाचण्याची विद्या सामान्य वाचकाच्या हातीं दिली. इटलींतील जॉर्जो माओने यानें २००५ सालीं नोस्क्रिप्ट रचिली; ती परक्या पानांतील कार्यक्रम परवानगी दिल्यावांचून चालूंच देत नसे. जो ह्यूइट याच्या फायरबगनें तर वेबपानें बनविणाऱ्यांचा धंदाच पालटला. पानाची चूक पानाच्या आंत शिरून शोधतां येऊं लागली. यांपैकीं एकहि गोष्ट ब्राउझरच्या मालकांनीं योजिली नव्हती. मालकानें दार उघडें ठेवलें एवढेंच. आंत येऊन घर वाढविलें तें बाहेरच्या कारागिरांनीं.

मराठीपुरता विचार केला तर या उघड्या दाराचें मोल आणखी स्पष्ट होतें. नगर येथून १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ निघूं लागलें, त्या काळापासून मराठी मजकुराची अडचण एकच राहिली आहे: यंत्र दुसऱ्यांचें, आणि अक्षरें आपलीं. इंटरनेटवर हीच अडचण नव्या रूपानें आली. देवनागरीला युनिकोडमध्यें १९९१ सालींच जागा मिळालेली होती; पण संगणकांवर ती व्यवस्था रुळावयास पुढें दहा-पंधरा वर्षें लागलीं. दरम्यान मराठी वृत्तपत्रांनीं आपआपला टंक तयार करवून घेतला. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. कोठें काना, कोठें अर्धा ‘क’, कोठें वेलांटी. ज्याच्या संगणकावर नेमका तोच टंक असेल त्याला मराठी दिसे. इतरांना ‘के’, ‘डब्ल्यू’, कंस आणि प्रश्नचिन्हें यांची खिचडी दिसे. एका पत्राचा टंक दुसऱ्या पत्रास चालत नसे. शोधयंत्रांना तर हा मजकूर मराठी आहे हेंच कळत नसे, मग त्यांतील शब्द सांपडणें दूरच.

फायरफॉक्ससाठीं निघालेली ‘पद्म’ ही पुरवणी या रोगावरचें एक औषध होती. तिचा जन्म तेलुगू वाचकांच्या सोयीसाठीं झाला. पुढें तिच्यांत इतर भारतीय लिप्यांबरोबर देवनागरीचीहि भर पडली आणि मराठीचा तींत उल्लेखानें समावेश झाला. टंकाच्या सांकेतिक तुकड्यांचें ती युनिकोडांत रूपांतर करी, आणि खिचडीच्या जागीं वाचतां येण्याजोगा मजकूर मांडी. कोणत्याहि मोठ्या कंपनीला हें काम फायद्याचें वाटलें नसतें. तेलुगू किंवा मराठी वाचकाच्या एका तात्पुरत्या अडचणीसाठीं ब्राउझरचा मूळ साचा कोण बदलणार? दार उघडें होतें म्हणून हें काम झालें. शुद्धलेखन तपासणारे निरनिराळ्या भाषांचे शब्दसंग्रह, मजकूर लिहिण्याचीं साधनें, ब्राउझरच्या सूचना आपल्या भाषेंत दाखविणारे भाषासंच, हीं सारीं याच दारानें आंत आलीं. लहान भाषेचा माणूस मोठ्या दुकानांत नेहमींच पुरवणीवर जगतो, हें या इतिहासांत ठिकठिकाणीं दिसतें.

परंतु उघड्या दाराचे तोटेहि हळूहळू समोर आले. फायरफॉक्सच्या कोणत्याहि आंतल्या भागावर पुरवणीवाले अवलंबून असल्यामुळें तो भाग बदलला कीं कोणाची ना कोणाची पुरवणी मोडे. म्हणून प्रत्येक पुरवणीवर, ती ब्राउझरच्या कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल, याची नोंद करावी लागे. नवी आवृत्ति आली कीं ही मर्यादा ओलांडली जाऊन पुरवणी आपोआप बंद पडे. कारागिरानें ती तपासून नोंद वाढविली म्हणजे ती पुन्हां चाले. आवृत्त्या वर्ष-दीड वर्षानें येत होत्या तोंपर्यंत हें निभावलें. मार्च २०११ मध्यें चौथी आवृत्ति आली, जूनमध्यें पांचवी आली, आणि मोझिलानें जाहीर केलें कीं यापुढें दर सहा आठवड्यांनीं नवी आवृत्ति निघेल. मग जो गोंधळ उडाला तो विचारूं नये. दर दीड महिन्यानें लोकांच्या पुरवण्या बंद पडूं लागल्या. पुष्कळदां पुरवणींत बिघाड कांहींच नसे. केवळ नोंद जुनी असे.

येथून खऱ्या अर्थानें पुरवण्यांच्या व्यवस्थेची सुधारणा सुरू होते, आणि तीं पहिलीं दोन वर्षें या इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचीं वर्षें होत. सुधारकांनीं घर पाडावयास घेतलें नाहीं. जेथें टोंचत होतें तेथेंच हात घातला. चौथ्या आवृत्तींतच, ब्राउझर बंद करून पुन्हां सुरू न करतां बसवितां येतील अशा पुरवण्यांची वाट मोकळी झाली होती. नोव्हेंबर २०११ च्या आठव्या आवृत्तीनें असा नियम घातला कीं, दुसऱ्या कोणत्याहि कार्यक्रमानें मागच्या दारानें आणून ठेवलेली पुरवणी मालकानें स्वतः होकार दिल्यावांचून चालूं होणार नाहीं. आणि पूर्वीं आलेल्या सर्व पुरवण्यांची यादी एकदां मालकापुढें मांडून, यांतील कोणत्या ठेवावयाच्या, असें विचारण्यांत आलें. घरांत कोण कोण राहतें आहे याची अशी शिरगणति कित्येकांनीं प्रथमच केली असेल. जानेवारी २०१२ च्या दहाव्या आवृत्तीनें नोंदीचा न्यायच उलटा केला. पूर्वीं पुरवणी चालते असें सिद्ध होईपर्यंत ती बंद ठेवीत. आतां ती बिघडते असें दिसेपर्यंत चालूं ठेवूं लागले. ज्या पुरवण्यांत यंत्रभाषेंतले भाग होते त्या, आणि फार जुन्या, एवढ्याच या सवलतींतून वगळल्या. एका लहानशा नियमानें वर्षभराची तक्रार मिटली.

तिसरी तक्रार स्मृतीची होती. फायरफॉक्स संगणकाची स्मृति अधाशासारखी खातो, अशी त्याची बदनामी झाली होती. शोध घेतां आढळलें कीं, दोष पुष्कळदां पुरवण्यांचा असे. वाचकानें पान बंद केलें तरी एखादी पुरवणी त्या पानाचें टोंक हातांत धरून ठेवी, आणि मेलेलें पान स्मृतींत पडून राही. प्रत्येक कारागिराला गांठून त्याची चूक सुधारून घेणें अशक्यच होतें. ऑगस्ट २०१२ च्या पंधराव्या आवृत्तींत ब्राउझरच असा केला कीं, पान बंद होतांच पुरवणीच्या हातांतलें टोंक तोडावें. कारागिरांपैकीं पुष्कळांना असें कांहीं घडलें याची वार्ताहि नसावी. सुधारणेचा याहून सभ्य नमुना दाखवितां येणें कठीण.

अशा डागडुजीनें सर्व काम भागलें असतें तर इतिहास येथेंच संपता. पण दोन गोष्टी डागडुजीनें सुटण्याजोग्या नव्हत्या. पहिली वेगाची आणि स्थैर्याची. गूगलनें सप्टेंबर २००८ मध्यें क्रोम काढला तो प्रत्येक पान वेगळ्या कोठडींत चालवीत असे. एक पान कोसळलें तर बाकीचीं उभीं राहत. फायरफॉक्समध्यें सारें एकाच दालनांत चाले. दालनें वेगळीं करावयाचीं तर ज्या पुरवण्या सर्वत्र संचार करीत होत्या त्यांना मध्यें भिंती आडव्या येणार. क्रोमनें २००९ च्या अखेरीस पुरवण्या घेतल्या त्या आरंभापासूनच ठरीव खिडकीशीं उभ्या करून. मागावयाचें तें खिडकीशीं मागावें, आंत पाऊल टाकूं नये. या योजनेच्या कामांत ग्रीसमंकीचा बूडमन होता, ही मोठी मजेची गोष्ट आहे. ज्यानें दुसऱ्याच्या पानांत शिरण्याची विद्या लोकांना दिली, त्यानेंच पाहुण्यांसाठीं खिडकी बांधण्यास हात लावला.

दुसरी गोष्ट विश्वासाची, आणि येथें चांदबिबीची आठवण होते. संकट तटाबाहेरून येत नव्हतें. लोकांनीं स्वखुषीनें घरांत घेतलेल्या पुरवण्यांतूनच तें येत होतें. २०१६ च्या नोव्हेंबरांत जर्मन दूरचित्रवाणीच्या वार्ताहरांनीं उजेडांत आणलें कीं, ‘वेब ऑफ ट्रस्ट’ ही पुरवणी आपल्या वापरणाऱ्यांच्या भटकंतीची माहिती तिऱ्हाइतांपर्यंत पोंचवीत होती. कोणतें संकेतस्थळ भरंवशाचें आणि कोणतें नाहीं हें सांगणें, हाच त्या पुरवणीचा व्यवसाय! २०१८ सालीं पानांचा रंगढंग बदलून देणाऱ्या ‘स्टायलिश’वरहि असाच आरोप येऊन ती काढून टाकण्यांत आली.

मोझिलानें २०१५ सालीं ठरविलें कीं, यापुढें प्रत्येक पुरवणीवर आपली सही असली पाहिजे. डिसेंबर २०१५ च्या त्रेचाळिसाव्या आवृत्तीपासून बिनसहीची पुरवणी चालेनाशी झाली. २०१६ च्या ऑगस्टमध्यें, हा नियम बाजूस सारण्याची किल्लीहि सामान्य आवृत्तींतून काढून घेण्यांत आली. आणि २१ ऑगस्ट २०१५ रोजीं त्याहून मोठी घोषणा झाली. झूलवर पसरणाऱ्या जुन्या पुरवण्या वर्ष-दीड वर्षांत बंद करावयाच्या. त्यांच्या जागीं क्रोमच्या धर्तीवर वेबएक्स्टेन्शन्स नांवाची नवी पद्धत आणावयाची. पुरवणीला काय काय हवें तें तिनें एका जाहीरनाम्यांत आधीं लिहून द्यावें, मालकास तें दाखविलें जावें, आणि त्याहून अधिक कांहीं तिला मिळूं नये. एकदां लिहिलेली पुरवणी थोड्या फेरफारानें दोन्ही ब्राउझरांत चालावी, हा आणखी एक लाभ सांगण्यांत आला.

कारागिरांत संतापाची लाट उसळली, आणि ती अकारण नव्हती. दहा-दहा वर्षें फावल्या वेळांत, बहुधा एक पैहि न घेतां, ज्यांनीं घर वाढविलें त्यांना आतां सांगण्यांत येत होतें कीं, आपलें काम मुळापासून पुन्हां करा. आणि कित्येकांच्या बाबतींत, नव्या खिडकींतून तें काम होण्याजोगेंच नव्हतें. मोझिलानें नव्या पद्धतींत कांहीं जास्तीचे हक्क घातले. बाजूची पट्टी, पानांच्या वेगळ्या पेट्या, नोस्क्रिप्टसारख्यांना लागणारी जाळ्यावरील देखरेख. पण सर्वांची सोय होणें शक्य नव्हतें.

१४ नोव्हेंबर २०१७ रोजीं सत्तावन्नावी आवृत्ति आली. ब्राउझर खरोखर चपळ झाला होता. त्याच दिवशीं जुन्या घडणीच्या सर्व पुरवण्या मेल्या. नोस्क्रिप्ट कांहीं दिवसांनीं नव्या रूपानें परतली. फायरबगचें काम ब्राउझरनें तोंवर आपल्याच अंगीं घेतलें होतें. डाउनदेमऑल परत यावयास २०१९ साल उजाडलें, तीहि पूर्वीच्या मानानें अंग चोरून. हजारों पुरवण्या, ज्यांचे कर्ते दुसऱ्या उद्योगास लागले होते किंवा ज्यांना नव्यानें लिहिण्याची उमेद नव्हती, त्या कायमच्या गेल्या. ऑक्टोबर २०१८ पासून मोझिलानें त्या आपल्या भांडारांतूनहि काढावयास आरंभ केला. या वेळेपर्यंत मराठी वृत्तपत्रें बहुतांशीं युनिकोडवर आलीं होतीं, म्हणून ‘पद्म’सारख्या साधनाची उणीव चालू मजकुराला भासली नाहीं. ज्याचा जुना मजकूर जुन्याच टंकांत वेबवर राहिला असेल, त्याच्या वाचकाची गोष्ट निराळी.

हा निर्णय योग्य होता काय? भिंत घालणें योग्यच होतें. जिच्या कुलपाची किल्ली प्रत्येक पाहुण्याच्या कंबरेला आहे अशा घरांत बँकेचा व्यवहार करणें हा वेडेपणा होय, आणि २०१७ पर्यंत ब्राउझर हेंच लोकांच्या बँकेचें दार झालें होतें. चुकलें असेल तर मुदतींत आणि क्रमांत चुकलें. नवीं दारें पुरतीं बांधून होण्यापूर्वींच जुनीं बुजविण्याचा दिवस ठरून गेला होता. २०१२ सालच्या सुधारकांनीं पुरवणी मोडूं न देतां ब्राउझर सुधारला. २०१७ च्या सुधारकांना ती चैन परवडली नाहीं.

प्लग-इनांची कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे, पण महाराष्ट्रांत तिचा चटका अधिक प्रत्यक्ष होता. सरकारी ई-निविदा भरतांना ठेकेदारास आपली डिजिटल सही करावी लागते, आणि ती करण्यासाठीं कित्येक वर्षें ब्राउझरांतील जावाचें प्लग-इन लागे. क्रोमनें सप्टेंबर २०१५ मध्यें अशा प्लग-इनांचा आधार काढला. फायरफॉक्सनें मार्च २०१७ च्या बावन्नाव्या आवृत्तींत, केवळ फ्लॅशचा अपवाद ठेवून, तेंच केलें. राज्यांतील इतर ठेकेदारांप्रमाणें नगर जिल्ह्यांतील ठेकेदारासहि मग एकच उपाय उरे: निविदेपुरता एक जुना ब्राउझर संगणकावर सांभाळून ठेवावयाचा आणि त्याला नवी आवृत्ति घेऊं द्यावयाची नाहीं. सुरक्षिततेसाठीं केलेल्या सुधारणेमुळें सहीसारखें नाजूक काम जुनाट, असुरक्षित ब्राउझरांतून होऊं लागलें. पुढें सहीसाठीं ब्राउझरबाहेर चालणारीं वेगळीं साधनें आलीं तेव्हां ही गैरसोय ओसरली.

सही सक्तीची करण्यांत एक धोका होता, त्याकडे कारागिरांनीं आधींच बोट दाखविलें होतें. सर्व दारांची किल्ली एकाच हातीं आली, तर तो हात चुकल्यास काय? उत्तर ४ मे २०१९ रोजीं मिळालें. पुरवण्यांवरील सह्या ज्या मधल्या प्रमाणपत्राच्या आधारावर उभ्या होत्या, त्याची मुदत त्या दिवशीं संपली, आणि तें वेळेवर बदलावयाचें राहून गेलें. हिंदुस्थानांत ती शनिवारची सकाळ होती. फायरफॉक्स दर चोवीस तासांनीं सह्या पडताळून पाही, आणि ज्याच्या पडताळणीची वेळ येई त्याच्या सर्व पुरवण्या त्या क्षणीं बंद होत. कोणाच्या सकाळीं, कोणाच्या रात्रीं. संकेतशब्द सांभाळणाऱ्या, जाहिराती गाळणाऱ्या, अशा निर्दोष पुरवण्या एकदम संशयित ठरल्या. सर्वांत गंभीर गोष्ट टॉर ब्राउझरची. तो फायरफॉक्सवर उभारलेला असून, ज्यांना आपली ओळख लपविणें जीवनमरणाचें असतें असे लोक तो वापरतात. त्यांचें रक्षण करणारी नोस्क्रिप्ट त्या दिवशीं न सांगतां विझली.

मोझिलानें काहीं तासांतच तोड काढली. पण ती पोंचविण्याचा जलद मार्ग म्हणजे प्रयोगांसाठीं राखून ठेवलेली एक आंतली वाट, आणि खासगीपणाची चाड असलेल्या पुष्कळांनीं ती वाट मुद्दाम बंद केलेली होती. त्यांना सांगावें लागलें कीं, उपाय हवा असेल तर ती उघडा. दुसऱ्या दिवशीं दुरुस्त आवृत्ति निघाली. आणि मोझिलानें, या काळांत लोकांनीं नाइलाजानें उघडलेल्या वाटेनें आपल्याकडे आलेली माहिती पुसून टाकण्याचें ठरविलें. चुकीची अशी भरपाई करणारे थोडे. हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

यानंतरचा कलह क्रोमच्या अंगणांत झाला. गूगलनें २०१८ च्या अखेरीस पुरवण्यांच्या जाहीरनाम्याची तिसरी आवृत्ति प्रस्तावित केली. तीप्रमाणें जाहिराती गाळणाऱ्या पुरवणीनें प्रत्येक मागणी स्वतः पाहून अडवावयाची नाहीं. नियमांची यादी ब्राउझरच्या स्वाधीन करावयाची आणि अडविण्याचें काम त्यानें करावयाचें. यानें वेग आणि खासगीपणा वाढेल असें गूगलचें म्हणणें; जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीनें जाहिराती गाळणाऱ्यांचे हात बांधले, असें टीकाकारांचें म्हणणें. फायरफॉक्सनें जानेवारी २०२३ मध्यें तिसरा जाहीरनामा स्वीकारला, परंतु मागणी अडविण्याचा जुना हक्कहि कायम ठेवला. जून २०२४ पासून क्रोमनें जुन्या पद्धतीच्या पुरवण्या बंद करावयास घेतल्या आणि २०२५ सालीं तें काम पुरें केलें. रेमंड हिल याची ‘यूब्लॉक ओरिजिन’ तेथें बंद पडून तिची एक हलकी बहीण राहिली. फायरफॉक्समध्यें मूळ पुरवणी चालूं राहिली. २०१७ सालीं ज्यांनीं पाहुण्यांना सरसकट खिडकीशीं उभें केलें, त्यांच्याच घरीं पाहुण्यांना आतां अधिक मोकळीक उरली.

गांवोगांवचा वाचक मात्र एव्हांना संगणकावरून फोनवर गेला होता, आणि तेथें पुरवण्यांची दशा फार दिवस वाईट होती. २०२० सालीं अँड्रॉइडचा फायरफॉक्स नव्यानें बांधला तेव्हां त्यांत निवडक मूठभर पुरवण्यांसच प्रवेश ठेवण्यांत आला. गूगलनें तर फोनवरच्या क्रोमला पुरवण्या मुळींच दिलेल्या नव्हत्या. १४ डिसेंबर २०२३ रोजीं फायरफॉक्सनें फोनवरचें दार सर्व कारागिरांस खुलें केलें. पहिल्याच दिवशीं चारशेंहून अधिक पुरवण्या आंत आल्या. त्यांतील प्रत्येकीला सही लागते, जाहीरनामा लागतो, आणि बसवितांना ती काय काय मागते तें पडद्यावर दिसतें. फोन धरणाऱ्यानें तें वाचावयाचें, आणि मग ‘जोडा’ म्हणावयाचें किंवा ‘रद्द करा’.